अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

ती वायर मी लावली होती.

हे वाक्य मी आजवर कुणापुढेही उच्चारलेलं नाही. शुभदापुढे नाही, नीरजपुढे नाही. देवापुढेही नाही, कारण त्याच्यासमोर मी फार वेळ उभाच राहत नाही. आता लिहिल्यावर ते किती लहान दिसतंय. वायरही लहानच होती, करंगळीएवढी.

मे महिना लागला की सकाळी कामावर निघण्याआधी मी खाली अंगणात जातो, पेरूच्या झाडाखालचं लोखंडी झाकण उचलतो आणि आत बादलीभर पाणी ओततो. झाकणाखाली खड्डा आहे. त्यात मीठ आहे, कोळसा आहे आणि खोलवर पुरलेली तांब्याची पट्टी आहे. घरात कुठे भरकटलेला करंट असला तर तो माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावा, अशी ही सोय. तिला अर्थिंग म्हणतात. इथला, लखनौचा, उन्हाळा जमीन इतकी सुकवतो की ती करंटसुद्धा घेईनाशी होते. म्हणून पाणी. ते आत जाताना खड्डा घोट घेतल्यासारखा आवाज करतो आणि मीठ-मातीचा ओला वास वर येतो. दुसऱ्या कुणाला तो वास थंडावा देईल. माझ्या तळहातांना घाम सुटतो.

वऱ्हांड्यात पेपर वाचत बसलेले आमचे घरमालक मिश्राजी दरवर्षी तेच म्हणतात, "डॉक्टर साहब, धरती मैया को शरबत पिला दिया?" वरच्या मजल्यावरून शुभदा, माझी बायको, कठड्यावर कपडे वाळत घालताना डोकावते. "अहो, किती ओताल? झाड उगवेल तिथे." मी हसतो. मला इतकं सहज हसता येतं, याचीही मला भीती वाटते.

यंदा नीरज रजेवर आला आहे. आमचा एकुलता मुलगा. पुण्यात बँकेत असतो. काल दुपारी तो कूलरमध्ये पाणी भरत होता. पाइप लावण्याआधी त्याने कूलरच्या पत्र्याला बोटांच्या मागच्या बाजूने, नखांनी शिवल्यासारखं केलं, क्षणभर थांबला, आणि मगच हात टेकवला. फ्रिजचं दार उघडतानाही तो हेच करतो. गीझरच्या नळाला, शेजाऱ्यांच्या फाटकाला, बँकेच्या लिफ्टलाही करत असेल. करंट असला तर हात धरून न ठेवता बाहेर झटकला जावा म्हणून वायरमन असं करतात. हा वायरमन नाही. शुभदाला आता ते दिसतही नाही, इतकी वर्षं झाली. मला दिसतं. त्याची बोटं उलटी होतात, पत्र्याकडे जातात, आणि माझा श्वास तेवढा वेळ थांबतो.

त्या उन्हाळ्यात त्याची बोटं सरळ होती.

त्याची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. विकासनगरच्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसायचं. लू, म्हणजे इथला भाजून काढणारा वारा, सुटायची तेव्हा खिडकीच्या काचांवर कुणी मूठभर वाळू मारतंय असं वाटायचं. वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून येणारी कूलरची हवा, गॅलरीतल्या बादलीत भिजत पडलेले दशहरी आंबे, आणि त्या दोन्हींच्या वासात मिसळलेला तिसरा वास, नव्या प्लास्टिकचा. हजरतगंजच्या कॉम्प्युटर बाजारातून आम्ही ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. परीक्षेच्या आधी कबूल केलेलं बक्षीस होतं ते. चांदीसारख्या चकचकीत पिशवीतून नीरजने ते बाहेर काढलं तेव्हा शुभदा म्हणाली, "एवढ्या हळू तर तुझ्या बाबांनी तुला जन्मल्यावरसुद्धा उचललं नव्हतं." नीरजला मराठी सगळं समजायचं, पण तो उत्तर हिंदीतच द्यायचा. म्हणाला, "आई, ये ज़्यादा नाज़ुक है."

त्याला मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळायचा होता. खेळ सुरू झाला की रस्त्याकडेच्या झाडांची सावली बॉनेटवरून सरकत जायची, इतकं खरं चित्र. मी संशोधन संस्थेत झाडांच्या रोगांवर काम करतो; मिश्राजींचं 'डॉक्टर' तिथून. पडद्यावरची पानं पाहून मीसुद्धा खुर्ची ओढून बसलो. थोडा वेळ गाडी पळाली. मग चित्र जागच्या जागी थिजलं, इंजिनाचा आवाज एकाच सुरात अडकून ताणला गेला, एखादं जनावर फासात अडकावं तसा, आणि पडदा काळा झाला. मग कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने.

"बाबा, फिर से गया." हे वाक्य त्या मे महिन्यात मी किती वेळा ऐकलं. आधी त्यात चीड असायची, मग रड, आणि शेवटी शेवटी नुसती बातमी.

पण ते आमचे चांगले दिवस होते, हेही लिहिलं पाहिजे. मी मुलाशी फार बोलणारा बाप नव्हतो. त्या बिघाडाने आम्हाला बोलायला विषय दिला. आम्ही कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवलं. त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं. कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम पुसून नवा टाकला. गरम होत असेल म्हणून कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीची, कॅबिनेटची, एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला. इंटरनेटवर जगभरातली मुलं याच दुखण्याबद्दल लिहायची आणि कुठलातरी अनोळखी माणूस त्यांना धीर द्यायचा. नीरज ते मला वाचून दाखवायचा, मी कुणाला आलेली पत्रं ऐकावीत तसा ऐकायचो.

आणि मी त्याला माझी विद्या शिकवली. मलिहाबादच्या आंब्याच्या बागांमध्ये आम्ही औषध फवारतो तेव्हा एका ओळीत एकच गोष्ट बदलतो. औषधही बदललं आणि पाणीही बदललं, तर झाड कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," मी म्हणायचो. "दोन बदलल्यास तर तू स्वतःला फसवलंस." तो मान डोलवायचा. दुसरा नियम सुरक्षेचा होता: कॅबिनेटला हात लावायचा तो लाइट गेल्यावरच. लखनौत त्यासाठी वाट पाहावी लागत नसे. इथली माणसं लाइट गेली की निर्भय होतात. सैल होल्डर पिळतात, कूलरच्या पोटात हात घालतात, वायरी दातांनी सोलतात. लाइट गेलेल्या घराला कुणी भीत नाही.

दुकानदाराने फोनवर सांगितलं, अर्थिंग बघून घ्या. मी बघितलं. भिंतीतल्या सॉकेटला तीन छिद्रं असतात. एकातून करंट येतो, दुसऱ्यातून परत जातो, तिसरं मोठं छिद्र जमिनीकडे जातं. आमच्या घरात तिसऱ्या छिद्रामागे काहीच नव्हतं. वायरच नव्हती. घर बांधताना कुणी तिथपर्यंत आलंच नव्हतं. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्यावरचा, यूपीएसवरचा, एक बारीक लाल दिवा हेच सांगत इतके दिवस जळत होता.

खड्डा खणायचा, पट्टी पुरायची, वायर वरपर्यंत आणायची, मिश्राजींना विचारायचं. एवढ्या उन्हात कोण करणार? पाऊस पडल्यावर करू. तोवर एक जुगाड असतो, तो या शहरात अनेकांच्या भिंतीत असेल: करंट परत जाण्याचं छिद्र आणि जमिनीचं छिद्र आतल्या आत वायरीच्या एका तुकड्याने जोडून टाकायचं. लाल दिवा फसतो आणि विझतो.

त्यात धोका काय आहे ते मला माहीत होतं. अडाण्याने केलं असतं तर ती चूक म्हणता आली असती. परत जाणारी तार बाहेर कुठे तुटली, तर परतीचा सगळा करंट त्या तुकड्यावरून कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन उभा राहतो. हे मला स्क्रू पिळताना आठवलं. आठवलं, आणि मी शेवटचा आटा पिळला.

नीरज तेव्हा सायकल घेऊन मित्राकडे गेला होता. त्याच दुपारी मी आणखी एक गोष्ट केली. कूलरची पिन कॉम्प्युटरच्या बोर्डातून काढून पलीकडच्या भिंतीत लावली, कारण तिची वायर पायात यायची. एका दुपारी दोन बदल.

तो आल्यावर गाडी सुरू केली. ती पळत राहिली. बोगदा, पूल, समुद्राकाठचा रस्ता. चित्र थिजलं नाही. नीरज उठला आणि त्याने मला मिठी मारली. घामेजलेलं, उंच होत चाललेलं पोर. "बाबा, क्या किया आपने?" मी म्हणालो, "अर्थिंग ठीक केलं." मला वाटतं, त्याच्या आयुष्यात मी इतका मोठा कधीच नव्हतो आणि पुन्हा कधी झालो नाही.

आंधी, धुळीचं वादळ, आली ती संध्याकाळच्या आधी. आकाश पिवळं झालं, मग विटकरी. गल्लीतल्या दारांनी एकामागून एक आपटायला सुरुवात केली. कुणाचातरी पत्रा उडून रस्त्यावर घसटत गेला. आंधी आली की बिजलीवाले स्वतःच लाइन बंद करतात. तशी लाइट गेली. यूपीएस पिपाणीसारखा ओरडू लागला. नीरजने शहाण्या मुलासारखा कॉम्प्युटर रीतसर बंद केला, यूपीएस बंद केला, आणि लाइट गेलीच आहे तर आतली धूळ झाडून घेऊ म्हणून कॅबिनेटची बाजू उघडली. सगळं नियमाप्रमाणे. माझ्या नियमाप्रमाणे. मग तो ब्रश शोधायला आतल्या खोलीत गेला.

मी दाराच्या चौकटीत उभा होतो. पावसाचे जाड थेंब खिडकीतून आत यायला लागले, फरशी ओली झाली. लांबच्या गल्लीतून पोरांचा नेहमीचा गलका आला, "आ गई! आ गई!" वर पाहिलं. पंखा हलला नाही. त्याचं बटण चालूच होतं; लाइट आल्याचं कळावं म्हणून तो इथे कुणी बंद करत नाही. गॅलरीतून आंबे धुतलेल्या ओल्या हातांनी, डाव्या हातात आंब्यांचं ताट घेऊन, अनवाणी शुभदा धावत आली, म्हणाली, "आपल्याकडे नाही आली अजून," आणि भिजू नये म्हणून कॅबिनेट मागे ढकलायला वाकली.

लाइट आली होती. आमच्या खांबावरची परतीची तार वाऱ्याने तुटली होती, म्हणून ती कुठे पेटू शकली नाही. पंख्यातून आली, परत जायला वाट नव्हती, आणि मी लावलेल्या तुकड्यावरून, भिंतीतच राहिलेल्या पिनेतून, पत्र्यावर येऊन थांबली. बाहेरून लाइट गेलेलं घर दिसत होतं.

पलीकडे आली आणि आपल्याकडे नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं होतं. नक्की हललं होतं. ओरडायला तेवढं पुरेसं होतं. मी ओरडलो नाही. मी अजून विचार पूर्ण करत होतो.

तिने आवाज केला नाही. लोकांना वाटतं माणूस किंचाळतो. तिचा हात पत्र्याला मिटला आणि ती तशीच वाकलेली राहिली, चित्र थिजावं तशी. काळा झालेला पडदा मला पाठ होता. मला वाटलं, आता पुढे तेच. नीरज ब्रश घेऊन आला, त्याने पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तिचा पदर आणि दंड ओढला. त्यालाही झटका बसला असणार, कारण दोघं मिळून पलीकडे फेकले गेले. आंब्याचं ताट कुठेतरी पडून बराच वेळ गरगरत राहिलं. मी त्यानंतर हललो.

नर्सिंग होमची डॉक्टर तरुण होती. शुभदाच्या छातीला तारा लावून ती पडद्यावरची रेघ बघत होती. शुभदा शुद्धीवर होती, पण तिच्या डोळ्यांत आम्ही अजून पोचलो नव्हतो. डॉक्टरने सहज विचारलं, लाइट गई हुई थी, तो करंट कहाँ से लगा?

नीरजने माझ्याकडे पाहिलं. त्या घरात असल्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असायची.

मी म्हणालो, "कॅबिनेट खुला था. अंदर करंट जमा रहता है, लाइट जाने के बाद भी."

हे खोटं नाही. आतल्या कंडेन्सरमध्ये करंट काही वेळ साठून राहतो, कुठल्याही पुस्तकात मिळेल. खरं वाक्य निवडून मी ते खोट्याच्या जागी ठेवलं.

नीरज भिंतीला टेकला. खूप हळू म्हणाला, "मैंने खोला था."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माफ केल्यासारखा.

तिचे कपडे आणायला म्हणून मी एकटा घरी आलो. बिजलीवाले खांबावर चढले होते. मी मेन स्विच पाडला, सॉकेटचे स्क्रू सोडले, तो तुकडा काढला, झाकण बसवलं. स्क्रू मी सरळ बसवले. शुभदा घरी आल्यावर कपडे भिजवताना तिला माझ्या शर्टाच्या खिशात तो तुकडा सापडला. "अहो, ही कसली वायर?" तिने तो डाव्या हाताच्या चिमटीत धरला होता, उजव्या तळव्याला पट्टी होती. मी म्हणालो, लॅबमधली. तिने तो खिडकीत ठेवला. तिथे तो बरेच दिवस उन्हात पडून होता. आम्ही तिघंही त्याच्या समोरून ये-जा करायचो. मग एक दिवस नव्हता. कुणी उचलला, मी कधी विचारलं नाही.

पाऊस पडायची वाट न पाहता, जूनच्या आत मी अंगणात खड्डा खणवून घेतला. मिश्राजींनी गल्लीभर माझं कौतुक केलं.

खड्डा झाल्यावर पण त्याची वायर वर सॉकेटपर्यंत येण्याआधी, एका भर दुपारी घरी कुणी नसताना, मी कॉम्प्युटर लावला. तुकडा नव्हता, अर्थिंग नव्हतं. होतं ते सगळं पहिल्यासारखं, फक्त कूलर पलीकडच्या भिंतीत घरघरत होता. मी तो खेळ सुरू केला. मला गाडी चालवता येत नव्हती. भिंतींना धडकत, कठड्यांना घासत मी तोच रस्ता फिरत राहिलो आणि वाट पाहत राहिलो. थीज. आता थीज. पडदा काळा होऊ दे. झाला असता तर त्या तुकड्याचा निदान काही उपयोग होता असं म्हणता आलं असतं. गाडी पळत राहिली. बोगदा, पूल, समुद्राकाठचा रस्ता. कूलरची मोटर सुरू होताना त्याच बोर्डावरचा विजेचा दाब पडायचा आणि नवं कार्ड तेवढ्यात मान टाकायचं. दुखणं एवढंच होतं. पिन पलीकडे लावली तेव्हाच ते बरं झालं होतं. तो तुकडा कशासाठीच नव्हता. लाल दिवा विझावा, एवढ्यासाठी.

बाहेर लू होती. मी अंगावर चादर घेऊन बसलो होतो, हे मला आठवतं.

नीरजने त्यानंतर कार्ड काढायला लावलं. कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकला. अकरावीला त्याने कॉमर्स घेतलं, तेव्हा नातेवाइकांनी सांगलीहून फोन करून विचारलं, की मुलगा तर इंजिनिअर होणार होता ना? तो म्हणाला, मन नहीं है. आज लॅपटॉप बिघडला की तो न उघडता, न हलवता, पिशवीत घालून दुकानात देऊन येतो. शुभदाच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. ती त्यावर विनोद करते. गरम तवा उचलताना म्हणते, "मला कसला चटका, माझी बोटं माहेरी गेलीत." आम्ही हसतो. नीरज हसत नाही. उठून पाणी प्यायला जातो.

काल कूलर भरून झाल्यावर तो गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसला. आता तो माझ्याशी मराठीत बोलतो. पुण्याने तेवढं केलं. खालच्या झाकणाकडे बघत म्हणाला, "बाबा, हा खड्डा तुम्ही त्याच वर्षी केलात ना? म्हणजे आधी अर्थिंग नव्हतं?"

मी म्हणालो, "नव्हतं."

"मग तुम्ही तेव्हा ठीक काय केलं होतं?"

गल्लीतून मलिहाबादचा आंबेवाला ओरडत गेला. शुभदाने वरून त्याला थांबवलं, भाव केला, त्याच्याशी भांडली. नीरज उत्तराची वाट पाहत होता. त्याच्या आवाजात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं, मग त्याने मला पकडलं असतं आणि मला स्वतःहून काही करावं लागलं नसतं. तो नुसतं विचारत होता, लहानपणी विचारायचा तसं. मी उठलो. आंबे आणायला हवेत म्हणालो. जिना उतरताना कठडा लोखंडी आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणवलं, आणि मी त्याला हात लावला नाही.

आज सकाळी मी खड्ड्यात पाणी घातलं. खड्ड्याला मी काही देणं लागत नाही. हे लिहिलं, पण हे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. रविवारी नीरज परत जाईल.

तुझ्या आईला करंट लागला तो तू कॅबिनेट उघडलास म्हणून नाही, मी लावलेल्या वायरीमुळे लागला. एवढं मला नीरजला त्याच्या तोंडावर सांगायचं आहे, शुभदा समोर असताना. ते देणं अजून बाकी आहे.